बारा तुकड्यांचा संग्राम

वार्धक्यात युद्धशास्त्राचे धडे गिरविण्याचा योग आमच्या कुंडलीत असेल, असे आम्हांस कधी वाटले नव्हते. परंतु विलायतेत राहणारा आमचा नातू मुंजीसाठी आईबापांसह घरी आला आणि त्याच्या पेटीतून बोटाच्या पेराएवढे सैनिक बाहेर पडले. मुंजीवरून आम्ही व चिरंजीव यांच्यात चार दिवस अबोला होता. दिवस, पंगतीचे पदार्थ, निमंत्रितांची यादी, सर्व काही आम्हीच ठरविले होते. बोलावयास दुसरे कोणी नसल्यामुळे आम्ही नातवासमोर जाऊन बसलो.

फिल बार्कर व त्यांचे सहकारी यांनी रचलेला हा खेळ इंग्लंडात १९९० साली प्रसिद्ध झाला. त्याच्या लॅटिन नावाचा अर्थ ‘प्राचीन काळच्या युद्धांविषयी’ असा आहे. रणभूमी दोन फूट चौरस, आणि प्रत्येक पक्षास तुकड्या बाराच. अक्षौहिणीतील २१,८७० रथ, तितकेच हत्ती, ६५,६१० घोडे व १,०९,३५० पदाती ज्यांस मुखोद्गत, त्या आम्हांस हा पोरखेळच वाटला.

इ. स. पूर्व ३२६ मधील वितस्तेकाठचा संग्राम मांडला. नातू सिकंदर झाला, आम्ही पौरव. नियम असा की, आपल्या पाळीस फासा टाकावा. जितके ठिपके पडतील तितक्याच आज्ञा देता येतात. एकमेकींस लागून उभ्या असलेल्या तुकड्यांची रांग एकाच आज्ञेने चालते; विखुरलेल्या प्रत्येकीस वेगळी आज्ञा लागते. सेनापतीपासून फार दूर गेलेल्या तुकडीस तर एक ठिपका अधिक मोजावा लागतो.

आम्ही रथ डावीकडे दूरवर धाडले, घोडेस्वार टेकडीपलीकडे, हत्ती मध्यभागी. पहिल्या पाळीस पाच ठिपके पडले म्हणून हे साधले. पुढच्या पाळीस एकच पडला! रथांस मागे बोलावण्यास दोन हवे होते. तिकडे सिकंदराची भालाईतांची रांग एकेका आज्ञेने पुढे सरकत होती. त्याच्या घोडेस्वारांनी रथांस बाजूने गाठले. कुशीस शत्रू असता मागे हटण्याची पाळी आली की तुकडी नष्ट होते, तसेच झाले. चार तुकड्या गमावून व प्रतिपक्षाहून अधिक हानी सोसून आम्ही तासाभरात हरलो. पौरवाचे रथ चिखलात निरुपयोगी ठरल्याचे ग्रीक इतिहासकार आरियन लिहितो. आमचे मात्र कोरड्या मेजावर रुतले.

“आजोबा, तुम्ही सगळ्यांना एकदम हुकूम सोडता,” नातू म्हणाला. वाक्य रथांविषयी होते, परंतु ते आमच्या वर्मी लागले. ज्यास सात समुद्रांपलीकडे आम्हीच धाडले, त्यास हाकण्यास किती ठिपके लागतील, याचा हिशेब आम्ही कधी केला होता?

त्या रात्री आम्ही आपल्या वाट्यास एकच ठिपका आला, असे मानले. चिरंजीवांस हाक मारून म्हणालो, “बटूने संध्या अर्थासह शिकावी, एवढेच आमचे मागणे. बाकी सारे तू ठरव.” तो क्षणभर उभा राहिला, मग शेजारी येऊन बसला.

उद्यापासून संध्येचा पाठ सुरू होईल. पाठ संपताच रणांगण मांडावयाचे, ही बटूची अट आहे. या खेपेस रथ आम्ही जवळच ठेवणार आहोत.