खाडीत पाभर नको, टोकण करा



दोन-चार गुंठ्यांत काकडी-दोडका लावायचा असेल तर आपण पाभर जुंपत नाही. आळी करतो आणि हाताने बी टोकतो. मोठ्या रानात मात्र पाभरच परवडते. गळाने मासे धरतानाही हाच हिशेब लागू पडतो. बोईसरच्या पश्चिमेला दांडी, उच्छेळी, नवापूर या पट्ट्यात शेती आणि मासेमारी एकमेकींच्या शेजारी नांदतात. ज्यांच्या दारी लहान होडी आहे किंवा जे खाडीच्या काठी गळ घेऊन बसतात, त्यांच्यासाठी आजचा मजकूर आहे.

होडीमागे लांब तंगूस सोडायची, टोकाला नकली मासा बांधायचा आणि होडी चालवत राहायचे, ही झाली पाभर. सुरमई उघड्या समुद्रात पळत असते. तिला गाठायला पुष्कळ पाणी पालथे घालावे लागते, म्हणून तिथे ही रीत योग्यच आहे. अमेरिका व कॅनडातील मोठ्या तळ्यांत वॉलआय नावाच्या माशासाठीही अशीच होडी फिरवतात. मात्र मासा एखाद्या खडकाच्या रांगेला लागलेला आहे असे कळले, की तेथील जाणकारही होडी थांबवून गळ फेकू लागतात.

आपल्या खाडीतला जिताडा हा दबा धरून बसणारा मासा आहे. तिवरांची मुळे, खडक, जुने खांब, चिंचोळ्या नाळीचे तोंड अशा आडोशाला तो प्रवाहाकडे तोंड करून थांबतो आणि वाहत येणारी बोईट, कोळंबी गिळतो. उथळ पाण्यात इंजिनाच्या आवाजाने तो बिचकतो. ओढत नेलेला गळ त्याच्यासमोरून एकदाच जातो, नाहीतर मुळांत अडकतो. डिझेल जळते ते वेगळेच. थांबून फेकलेला गळ मात्र त्याच आडोशापुढून दहा वेळा नेता येतो.

आता नकली माशाविषयी. फिनलंडचे लॉरी रापाला हे साधे मच्छीमार. मोठे मासे थव्यातला लंगडत पोहणारा पिल्लू मासा आधी उचलतात, हे त्यांनी हेरले आणि १९३६ साली बुचाच्या लाकडाचा तसा डुलणारा मासा कोरला. वर चॉकलेटचा चकचकीत कागद लावला. अशा माशाच्या तोंडाशी एक पट्टी असते, तिला जीभ म्हणू. ओढले की जिभेवर पाण्याचा दाब येतो आणि मासा डुलत खाली जातो. जीभ लांब तर खोल जातो, आखूड तर वरवर चालतो. तंगूस बारीक असेल तर आणखी खोल उतरतो. तरंगणारा प्रकार ओढणे थांबवताच हळूहळू वर येतो.

यातून फेकण्याची रीत ठरते.

१. ओहोटी लागल्यावर जा. तिवरांतले पाणी नाळीतून उतरते, त्याबरोबर बारीक मासळी बाहेर येते आणि जिताडा नाळीच्या तोंडाशी येऊन थांबतो.

२. होडी आडोशापासून दूर नांगरा. भांडी आपटू नका.

३. गळ आडोशावर टाकू नका, सात-आठ हात पलीकडे टाका. नकली मासा पाण्यात पडताच खोल नसतो. थोडे अंतर ओढल्यावरच तो पुरेसा खाली जातो.

४. दोन-तीन वेढे गुंडाळा, क्षणभर थांबा, पुन्हा गुंडाळा. त्या थांबण्यातच जिताडा पुष्कळदा झडप घालतो. थंडीच्या दिवसांत तो सुस्तावतो, तेव्हा आणखी सावकाश ओढा.

५. शेवटचा दीड हात तंगूस जाड ठेवा. जिताड्याच्या कल्ल्याची कड पात्यासारखी धारदार असते. ती तंगूस कापते, तसाच हातही कापते.

एका जागी वीस-पंचवीस वेळा फेकूनही काही लागले नाही, तर पुढच्या आडोशाला जा.

आता महत्त्वाची गोष्ट. बहुतेक जिताडे आधी नर असतात आणि काही वर्षांनी, अंगाने वाढल्यावर, मादी होतात. म्हणजे सर्वांत मोठा मासा बहुधा लाखो अंडी देणारी मादी असते. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्यात हाच मासा ५८ सेंटिमीटरपेक्षा लहान किंवा १२० सेंटिमीटरपेक्षा मोठा असला, तर तो परत सोडावा लागतो. जिताड्याला भाव चांगला मिळतो. घरात पैशाची नड असताना मोठा मासा सोडणे जड जाते, हे मी जाणतो. पण कितीही ओढ असली तरी बियाण्याची कणगी आपण फोडत नाही. फेकलेल्या गळाला मासा एकेक येतो, त्यामुळे निवड करण्याची सोय राहते. मधल्या आकाराचा ठेवा, पिल्लू आणि थोराड मादी सोडा. सोडायचा मासा ओल्या हाताने, पाण्यातच गळातून मोकळा करावा. पावसाळ्यात, त्याच्या विणीच्या दिवसांत, त्याचा पिच्छा सोडलेलाच बरा. १ जूनपासून यांत्रिक होड्यांना समुद्रात मासेमारीची बंदी लागते, तीही पाळावी.

नवापूरच्या बाजूला तारापूर औद्योगिक वसाहतीचे सांडपाणी समुद्रात सोडले जाते. पाणी रंगीत, फेसाळ किंवा उग्र वासाचे दिसले, मेलेली मासळी तरंगताना आढळली, तर तेथील मासा घरी आणू नका आणि विकूही नका. ग्रामपंचायतीला व प्रदूषण नियंत्रण मंडळाला त्याच दिवशी लेखी कळवा. अर्जात तारीख, वेळ आणि जागा नक्की लिहा.

एकट्याने चिखलात उतरू नका. परतीच्या भरतीची वेळ निघण्यापूर्वी घरात सांगून जा, म्हणजे उशीर झाला तर कोणत्या नाळीकडे शोधायचे ते मागच्यांना ठाऊक असेल.