‘ह्या लोकांना शिस्त नाही’

दिल्लीत नोकरीनिमित्त येऊन राहिलेल्या मराठी मंडळींच्या कोणत्याही बैठकीत पहिला चहा संपण्यापूर्वी एक वाक्य हमखास ऐकू येते: “ह्या लोकांना शिस्त नाही.” ‘हे लोक’ म्हणजे अर्थात दिल्लीकर. कुणी आश्रम चौकात पाऊण तास अडकून आलेला असतो, कुणाला लक्ष्मीनगरच्या वळणावर ई-रिक्षाने घासलेले असते, कुणाच्या पाठीमागे सिग्नल हिरवा होण्याच्या आधीच दहा हॉर्न एकदम वाजलेले असतात. मग मुंबईची आठवण निघते. तेथे बसथांब्यावर माणसे कशी रांगेत उभी राहतात आणि रिक्षावाला मीटरप्रमाणे कसा नेतो, ह्याचे रसभरित वर्णन होते; नागरिकत्वाची जाण मराठी माणसाच्या अंगी उपजतच असते असा ठराव एकमताने संमत होतो आणि मंडळी भज्यांकडे वळतात. ह्या ठरावास आमचा सक्त विरोध आहे.

उपजत म्हणावी, तर आपल्या विद्येच्या माहेरघरी, पुण्यात, २०१९ च्या आरंभी हेल्मेटच्या सक्तीविरुद्ध सुशिक्षित माणसे रस्त्यावर उतरली, ती कोणत्या जाणिवेने? त्याच वर्षी १ सप्टेंबरपासून मोटार वाहन कायद्यातील वाढीव दंड देशात लागू झाले, तेव्हा महाराष्ट्राने त्यांची अंमलबजावणी थांबवून धरली. सुधारित दंड तेथे आले ते २०२१ च्या डिसेंबरात, आणि तेही सौम्य करून. तेव्हा रक्ताच्या गोष्टी बोलू नयेत, हे बरे.

उलट, ज्या दिल्लीकराला आपण नावे ठेवतो त्याला राजीव चौकाच्या मेट्रो स्थानकात पाहावे. सकाळी साडेनऊची गर्दी. तरीही तो फलाटावर आखलेल्या बाणांमागे उभा राहतो, सरकत्या जिन्यावर डावीकडे सरकतो, गाडीत पान खाऊन थुंकत नाही. २००२ पासून मेट्रो चालू आहे आणि ती स्वच्छ आहे. हाच गृहस्थ जिना चढून वर येतो, मोटारसायकलीस किल्ली लावतो, आणि तिसऱ्या मिनिटाला पदपथावरून चाललेला असतो. माणूस बदलला नाही. बदलले ते एवढेच, की खाली नियम सर्वांना सारखा आहे आणि वर तो ज्याच्या-त्याच्या ऐपतीप्रमाणे आहे.

ही ऐपत वाटणारे कोण? येथे आमच्या वाचकांना राग येईल, पण सांगणे भाग आहे. ती वाटतो आपण, सरकारी माणसे. मोटारींवरील लाल दिवे १ मे २०१७ पासून गेले. त्यांची जागा काचेवरच्या ‘भारत सरकार’ ह्या चिठ्ठीने घेतली. ही चिठ्ठी उपसचिवाच्या मोटारीवर असते तशी आमच्यासारख्या कारकुनाच्या स्कूटरवरही असते. तिला कायद्याचा कसलाही आधार नाही. तिचा उपयोग एकच: शिपायाने शिट्टी वाजवण्यापूर्वी क्षणभर विचार करावा.

बी.आर.टी.चे उदाहरण घ्या. २००८ मध्ये आंबेडकरनगर ते मूलचंद ह्या सुमारे सहा किलोमीटरच्या रस्त्यावर बसला मधली स्वतंत्र वाट देण्यात आली. योजनेत दोष नव्हते असे नाही. सिग्नल लांबत, रस्ता ओलांडून थांब्यावर पोहोचणे कठीण होई. पण आरडाओरड झाली ती ह्या दोषांची नव्हे. मोटारवाल्यांचा संताप होता तो हा, की आपण खोळंबलो असता शेजारून बस निघून जाते! एका बसमध्ये साठ माणसे आणि एका मोटारीत एक, हा हिशेब मांडायला पदवी लागत नाही. प्रकरण उच्च न्यायालयात गेले. २०१२ मध्ये न्यायालयाने मोटारवाल्यांचे म्हणणे फेटाळले. तरीही २०१६ मध्ये ती वाट उखडली गेलीच. त्या काळी आमच्या कचेरीत तिच्या बाजूने बोलणारे दोघे होते. दोघेही शिपाई, दोघेही बसने येणारे.

आता आमचा स्वतःचा गुन्हा. तो सांगितल्यावाचून वरचे लिहिण्याचा आम्हांस अधिकार नाही.

आम्ही यमुनेपलीकडे राहतो. तीन वर्षांपूर्वी जानेवारीत, हजेरीच्या यंत्रावर बोट टेकवण्यास बारा मिनिटे उरली असता, विकास मार्गाशेजारच्या छोट्या रस्त्यावर आम्ही उलट्या दिशेने स्कूटर घातली. सरळ गेलो असतो तर वळसा सातआठशे मीटरांचा पडला असता. पदपथ दुकानांच्या सामानाने भरलेला होता, म्हणून शाळेत निघालेला एक मुलगा खाली उतरला. उतरताना त्याने उजवीकडे पाहिले, कारण वाहने उजवीकडून येतात असे त्याला शिकवलेले होते. आम्ही डावीकडून आलो. त्याचे मनगट मोडले. त्याचा बाप, बहुधा शेजारच्याच एका दुकानातील नोकर, धावत आला. तो आम्हांस मारील अशी आमची अपेक्षा होती. त्याने मुलाला उचलले, स्कूटरवरची चिठ्ठी पाहिली, आणि आमच्यापुढे हात जोडून म्हणाला, “साहब, बच्चे की गलती है.”

प्लॅस्टरचा खर्च आम्ही दिला. त्या वाक्याची भरपाई कशी करावयाची ते अद्याप उमगलेले नाही.

२०२२ साली देशातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांत ३२,८२५ पायी चालणारी होती. दिल्लीत तर मृतांमधील पादचाऱ्यांचा वाटा देशाच्या सरासरीहून पुष्कळ मोठा आहे. ह्या आकड्यांच्या तक्त्यांवरून टिपणे लिहिणारे, ती ‘अवलोकनार्थ’ वर पाठवणारे आपणच. आणि सायंकाळी ‘ह्या लोकांना’ नावे ठेवणारेही आपणच.

मागल्या भाद्रपदात एका मराठी मंडळाच्या कार्यक्रमास आम्ही गेलो होतो. आत व्याख्यान चालू होते, विषय ‘संतांची समाजनिष्ठा’. बाहेर पदपथावर एकामागे एक चौदा मोटारी उभ्या होत्या, नऊंवर चिठ्ठ्या होत्या, आणि एक म्हातारी काठी टेकीत, भर वाहतुकीतून, त्यांच्या कडेकडेने चालली होती. आम्ही आत जाऊन चिटणीसांना सांगितले. ते म्हणाले, “अहो, तासाभराचा तर प्रश्न आहे! आणि दिल्लीत कोण पाळतं हे?”

येत्या वर्गणीच्या बैठकीत आम्ही एक ठराव मांडणार आहोत: कार्यक्रमाच्या निमंत्रणावर जवळच्या मेट्रो स्थानकाचे नाव छापावे, आणि पदपथावर ज्याची मोटार उभी असेल त्याचे नाव, हुद्द्यासह, ध्वनिक्षेपकावरून पुकारावे. अनुमोदक अजून मिळालेला नाही.