रात्री किती वाजता जाग येते?

मंडळी, मागच्या शनिवारी लिहायचं राहिलं, हापिसात रिलीज होतं. आज लिहितोय ते जरा तिखट होणार आहे, आणि त्यात पहिला ठसका मलाच लागणार आहे.

आधी कबुली. ऑस्टिओपॅथीचा मला स्वतःला फायदा झालाय. दोन वर्षांपूर्वी मान अशी धरली होती की कूस बदलली की जाग यायची. टीममधल्या एकाने पत्ता दिला. चिंचवडहून लोकल पकडून लोणावळ्याला गेलो. एका बंगल्यात पाऊण तास मानेवर, खांद्यावर, बरगड्यांवर हळूहळू हात फिरवले. कडाकड काही नाही. त्या रात्री सलग सात तास झोपलो. येताना घेतलेली चिक्की बॅगेतच राहिली, एवढी गाढ!

यात जादू नाही. दुखण्याने झोप मोडते आणि मोडलेल्या झोपेने दुखणं जास्त जाणवायला लागतं. हे चक्र फिरत राहतं. कोणी ते एका जागी जरी थांबवलं तरी दोन्हीकडे फरक पडतो. आखडलेला स्नायू एक रात्र सैल झाला, तर ती एक रात्रही कामाची असते. जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी ज्या मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात व्यायाम आणि रुग्णाला नीट समजावून सांगणं यांच्या जोडीला मणक्यावरचे हाताचे उपचार आणि मसाजही आहेत. त्यामुळे 'सगळं थोतांड आहे' म्हणणाऱ्या विज्ञाननिष्ठ मित्रांनो, जरा दमानं.

पण दुसरी बाजूही ऐका. फ्रान्समध्ये 400 कंबरदुखीच्या रुग्णांवर एक चाचणी झाली, 2021 मध्ये ती प्रसिद्ध झाली. अर्ध्यांना खरी ऑस्टिओपॅथी, अर्ध्यांना नुसता हलका स्पर्श. तीन महिन्यांनी रोजच्या हालचालींतल्या अडचणीच्या 100 गुणांच्या मोजपट्टीवर फरक निघाला साडेतीनच्या आसपास. दुखण्यात सांगण्यासारखा फरक नाही. म्हणजे उपयोग असला तर तो थोडासा. 'मणका जागेवर बसवला, आता झोपेचा प्रश्न कायमचा मिटला' असं कोणी सांगत असेल तर तो माल विकतोय.

माझा राग मात्र या साडेतीन गुणांवर नाही. तो कशावर आहे ते सांगतो.

माझा एक शाळेपासूनचा मित्र आहे. घर कामशेतला, नोकरी हिंजवडीत, वय एकतीस. त्याची कंबर दुखायची. रोज पहाटे साडेतीन-चारला जाग यायची आणि हा गडी गॅलरीत फेऱ्या मारायचा. तासभर चाललं की बरं वाटायचं. सकाळी उठल्यावर अर्धा-पाऊण तास कंबर लाकडासारखी. सगळ्यांनी निदान केलं: खुर्ची, लॅपटॉप, बाईक. दोन डॉक्टरांनी पाच-पाच मिनिटांत गोळ्या लिहून दिल्या. आणि मी, दीडशहाणा, माझी मान सुटली म्हणून त्याला शनिवारी लोणावळ्याला घेऊन गेलो.

तिथे कोणी त्याला विचारलं नाही की दुखतं कधी. आडवा केला, दाबलं, वळवलं, कड् असा आवाज काढला. दोन रात्री झोप लागली, तिसऱ्या रात्री पुन्हा गॅलरी. परत शनिवार, परत पैसे. असे दहा महिने! आपल्या धंद्यात याला 'सर्व्हर रीस्टार्ट केला की चालतंय' म्हणतात. लॉग उघडून कोणी बघितलाच नाही.

शेवटी लॉग कोणी बघितला? डोळ्यांच्या डॉक्टरांनी. एका सकाळी त्याचा डोळा लालभडक झाला, उजेड सहन होईना. डॉक्टर बाईंनी डोळा तपासता तपासता विचारलं, "कंबर दुखते का? रात्री किती वाजता जाग येते? चाललं की बरं वाटतं का?" तीन प्रश्न. त्यावरून संधिवाततज्ज्ञ, एमआरआय, रक्ताची तपासणी. निदान: अँकिलोजिंग स्पॉन्डिलायटिस. हा मणक्याचा आणि कमरेच्या सांध्यांचा दाहाचा आजार आहे. बहुतेक वेळा तरुणपणीच सुरू होतो, आणि उपचार नाही झाले तर काहींचे मणके एकमेकांना जोडले जाऊन कडक होतात. अशा कडक मणक्याला जोराचा झटका दिला तर तो मोडू शकतो. त्याचा मोडला नाही, हे आमचं नशीब. पण त्या दहा महिन्यांचा हिशोब मी कसा देऊ?

म्हणून हा लेख. साधं दुखणं विश्रांतीने कमी होतं. जे दुखणं चाळिशीच्या आत हळूहळू सुरू होऊन तीन महिन्यांच्या वर राहतं, पहाटे उठवतं, पडून राहिल्याने वाढतं आणि हालचालीने कमी होतं, ते आधी डॉक्टरला दाखवायचं. सोबत ताप, न कळता घटलेलं वजन, पायातली ताकद जाणं, मांड्यांच्या मधल्या भागात बधिरपणा किंवा लघवीवरचा ताबा सुटणं यातलं काही असेल तर अजिबात थांबायचं नाही. हे सगळं विचारायला दोन मिनिटं लागतात. जो ती दोन मिनिटं देत नाही, त्याच्या हाती आपली मान देऊ नका.

'पण तो सर्टिफाइड आहे ना!' कशाचा? अमेरिकेत अँड्र्यू टेलर स्टिलने 1892 मध्ये कर्क्सव्हिलला ऑस्टिओपॅथीची पहिली शाळा काढली. आज तिथले ऑस्टिओपॅथ पूर्ण शिकलेले डॉक्टर असतात. ब्रिटनमध्ये 1993 पासून कायदा आहे, नोंदणीशिवाय कोणी स्वतःला ऑस्टिओपॅथ म्हणवू शकत नाही. आपल्याकडे मेडिकल कौन्सिलसारखं ऑस्टिओपॅथीचं वेगळं मंडळ नाही. चांगले, नीट शिकलेले फिजिओथेरपिस्ट हे काम करतात. आणि रील बघून शिकलेलेही करतात. पाटी दोघांची सारखीच.

आणि हे लोणावळ्यात व्हावं याचं जास्त वाईट वाटतं. याच गावात 1924 मध्ये स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम काढलं. त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे त्रैमासिक सुरू केलं. तेव्हा योगाबद्दल वाट्टेल ते दावे चालायचे. या माणसाने उड्डियान आणि नौली करणाऱ्यांचे एक्स-रे काढले, पोटातला दाब यंत्राने मोजला आणि जे दिसलं ते छापलं. श्रद्धा होतीच, तरी मोजलं. शंभर वर्षांनी त्याच गावात आपण पाऊण तासाचे पैसे मोजतो आणि साधा प्रश्नसुद्धा मोजून घेत नाही.

कोणी म्हणेल, डॉक्टर तरी कुठे विचारतात? खरंय. माझ्या मित्राला दोघांनी विचारलं नाही, आणि तो रागही मी गिळलेला नाही. पण याचा अर्थ इतरांनीही विचारू नये असा होत नाही. उलट आपणच सांगायचं. जायच्या आधी आठवडाभर कागदावर लिहा: किती वाजता जाग आली, उठून चालल्यावर काय झालं, सकाळी किती वेळ आखडलं. तो कागद समोर ठेवा. जो वाचेल त्याच्याकडे थांबा.

परवा मित्राला विचारलं, कसं चाललंय? औषधं चालू आहेत, रोजचा व्यायाम आहे, पहाटेच्या फेऱ्या बंद झाल्यात. कामशेतहून हापिसला जाताना अजूनही शिव्या देतो, पण त्या ट्रॅफिकला :-)

मला त्याने एकदाही बोल लावलेला नाही. म्हणूनच हे लिहावंसं वाटलं. तुमच्या टीममध्ये पहाटे चारला ऑनलाइन दिसणारा कोणी असेल, तर सोमवारी चहाला त्याला एवढंच विचारा: काम होतं, की कंबर?