पत्र्याखालची थंडी मोजणार कोण?

डिसेंबर-जानेवारी आला की सगळ्यांच्या मोबाईलवर बर्फ पडू लागतो. काश्मीरमधली पांढरी झाडे, हिमाचलात अडकलेल्या गाड्या, महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी गोठलेले दव. आपण बघतो, "बापरे, काय थंडी!" म्हणतो आणि पुढे पाठवतो. पेण-रोह्यात कुणी थंडीचा विषय काढला तर हसून उत्तर मिळते, "कोकणात कसली आली थंडी? पोपटी लावा आणि मजा करा."

पोपटीची मजा आम्हालाही कळते. वालाच्या शेंगा, भांबुर्ड्याचा पाला, मडक्याभोवतीचा जाळ हे आमचेही सुख आहे. पण जाळ विझतो, माणसे घरी जातात. त्यानंतर पहाटे चार वाजता पत्र्याच्या खोलीत काय होते ते आम्ही नर्सची नोकरी करताना पाहिले, आणि नोकरी सोडून वस्त्यांत फिरताना त्याहून जास्त पाहिले. आमचे म्हणणे सरळ आहे. थंडीने माणूस दगावायला बर्फ पडावा लागत नाही. छप्पर पातळ असले, पांघरूण अपुरे असले आणि लक्षण ओळखायला उशीर झाला, की कोकणातली थंडीही पुरते.

आधी ही थंडी येते कुठून ते समजून घेऊ. एरवी समुद्रावरचा दमट वारा आपल्याला ऊब देतो. हिमालयात मोठा बर्फ पडून गेला की उत्तरेचे कोरडे, गार वारे खाली उतरतात आणि समुद्राचा वारा मागे सरतो. म्हणजे मोबाईलवर दिसणारा तो बर्फ आणि आपल्या अंगावरचा काटा यांचे नाते आहे. मुंबईत सांताक्रूझला जानेवारी 1962 मध्ये 7.4 अंश तापमान नोंदले गेले होते. 9 फेब्रुवारी 2012 रोजी तिथेच 8.8 अंशांची नोंद झाली. पेण आणि रोहा तर मुंबईपेक्षा आत, डोंगरांच्या पायथ्याशी आणि नदीच्या खोऱ्यात वसलेले. आकाश निरभ्र असले की इथली जमीन रात्रभर उष्णता सोडत राहते आणि गार हवा खोलगट भागात साचते. आपल्या वस्त्या बहुतेक तिथेच असतात, कारण उंचावरची चांगली जागा आपल्या वाट्याला कधी आली?

हवामान खात्यालाही हे ठाऊक आहे. मैदानी भागात किमान तापमान 10 अंशांपर्यंत उतरल्याशिवाय थंडीची लाट धरत नाहीत. पण किनारपट्टीसाठी नियम वेगळा आहे. किमान तापमान 15 अंश किंवा त्याखाली असेल आणि नेहमीपेक्षा निदान साडेचार अंशांनी कमी असेल, तर तिथे थंडीची लाट म्हणता येते. म्हणजे कोकणातल्या माणसाला 15 अंशही बाधतात हे सरकारी नियमातच मान्य आहे. हसण्यावारी नेतो ते आपणच.

आता पत्र्याचे बघा. रात्री पत्रा बाहेरच्या हवेपेक्षाही गार होतो. आतल्या माणसांच्या श्वासाची वाफ त्याला लागते, तिचे पाणी होते आणि पहाटे ते थेंब अंथरुणावर टपकतात. ओली गोधडी ऊब देत नाही, उलट अंगातली ऊब ओढून घेते. खाली कोबा किंवा माती, तीही गारच. पेणकडच्या वीटभट्ट्यांवर कामाला आलेली कुटुंबे तर विटा रचून केलेल्या, दारही नसलेल्या खोपट्यांत झोपतात. बंगल्यात पंखा बंद केला की थंडी संपते. वस्तीत तसे बटण नाही.

एक प्रसंग सांगतो. नाव-गाव सांगणार नाही. जानेवारीतली गोष्ट. बारा दिवसांचे बाळ, वजन दोन किलोच्या आत. आजी कौतुकाने म्हणाली, "सिस्टर, पोर गुणी आहे हो, रडतच नाही." आम्ही तळपायाला हात लावला, मग पोटाला. दोन्ही गार. बाळ अंगावर ओढत नव्हते. गाडी मिळेपर्यंत आईच्या उघड्या छातीशी लावून वरून दोन चादरी गुंडाळल्या. तसेच घेऊन निघालो, पण उशीर झाला होता. ते बाळ वाचले नाही. त्या घरात आम्ही तीन दिवस आधी जाऊन आलो होतो. वजन घेतले, लसीचे विचारले, आईच्या जेवणाचे विचारले. मान वर करून छताकडे पाहिले नव्हते, अंथरुणाला हात लावला नव्हता. ही चूक आमची होती. तेव्हापासून बाळंतिणीच्या घरी गेलो की पहिला हात गोधडीला लावतो.

नवजात बाळाला कुडकुडताही येत नाही. त्याच्या अंगावर चरबी कमी, आणि वजनाच्या मानाने कातडी जास्त, म्हणून ऊब भराभर निघून जाते. त्याच्या अंगाचे तापमान 36.5 ते 37.5 अंश असावे लागते. बाळंतपणाची खोली निदान 25 अंश उबदार असावी असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पत्र्याखाली पहाटे किती असेल याचा विचार करा. गार पडलेले बाळ रडत नाही, सुस्त होते, दूध सोडते. न रडणारे बाळ गुणी असेलच असे नाही, ते गार पडलेले असू शकते. थर्मामीटर नसला तर हाताची पाठ लावून बघा. पोट गरम आणि पाय गार असतील, तर बाळाला लगेच ऊब द्या. पोट आणि पाय दोन्ही गार असतील, तर ऊब देत देतच दवाखाना गाठा.

ऊब कशी द्यायची? 1978 साली कोलंबिया देशातल्या बोगोटा शहरात सरकारी रुग्णालयात काचेच्या पेट्या अपुऱ्या पडत होत्या. तिथल्या डॉक्टरांनी कमी वजनाची बाळे आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवायला सुरुवात केली. तीच आज जगभर कांगारू पद्धत म्हणून चालते. त्याला पैसा लागत नाही. बाळाला टोपी, मोजे आणि लंगोट घालायचे, बाकी अंग आईच्या अंगाला लावायचे आणि वरून पांघरायचे. आई दमली तर बाबांची छाती चालते, आजीचीही चालते. कमी वजनाच्या बाळाला रोज अंघोळ घालण्याचा हट्ट धरू नका. कोमट ओल्या फडक्याने पुसून लगेच कोरडे केले तरी पुरते.

इथे आजी-मावश्यांशी थोडे बोलायचे आहे. खाटेखाली शेगडी ठेवून बाळंतिणीला शेक द्यायची आपल्याकडे जुनी रीत आहे. त्यामागे माया आहे, हे आम्हाला कळते. पण दार-खिडकी लावलेल्या खोलीत जळत्या कोळशातून जो वायू निघतो त्याला वास नाही, रंग नाही, आणि तो झोपेतच जीव घेतो. धुराने बाळाची छाती भरते ती वेगळीच. म्हणून खोली आधी तापवून घ्या, वारा येऊ द्या, आणि झोपायच्या आधी शेगडी बाहेर काढा. जिवंत निखारा घरात ठेवून कुणीही झोपू नये. आणि दादांनो, थंडी घालवायला दारू घेणे हा भ्रम आहे. दारूने कातडीकडे रक्त धावते म्हणून ऊब वाटते, प्रत्यक्षात अंगातली ऊब बाहेर पडते.

थंडीत लहान मुलांना न्यूमोनिया जास्त होतो. आईने घड्याळ लावून, पूर्ण एक मिनिट, मूल शांत असताना श्वास मोजावेत. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे 60 किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष 50 किंवा जास्त, एक ते पाच वर्षे 40 किंवा जास्त श्वास असतील, किंवा श्वास घेताना छाती आत ओढली जात असेल, तर घरगुती काढा बाजूला ठेवा आणि 108 ला फोन करा. दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने या वयात न्यूमोनियाविरुद्धची पीसीव्ही लस सरकारी केंद्रात फुकट मिळते. आशाताई बाळाच्या तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी यायला हव्यात. त्या आल्या नाहीत तर विचारा. हक्काचे विचारायला लाजायचे नाही.

म्हाताऱ्यांकडेही बघा. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो आणि पहाटे छातीत दुखण्याचा धोका वाढतो. बीपीची गोळी चुकवू नका. अंधारात लवकर उठून गार पाण्याने अंघोळ करण्यात कसलीही बहादुरी नाही.

आपले मोठे दिवस नेमके याच ऋतूत येतात. 6 डिसेंबरला चैत्यभूमी, 25 डिसेंबरला महाड, 1 जानेवारीला भीमा कोरेगाव. जायचेच आहे, आम्हीही जातो. पण उघड्या टेम्पोत रात्रभर वारा खात कडेवरचे तान्हे मूल नेऊ नका. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाची आई त्या दिवशी घरीच अभिवादन करील, त्याने तिची निष्ठा कमी होत नाही. बाबासाहेब आणि रमाई यांची चार मुले लहानपणीच गेली. ते दुःख ज्या घराने सोसले, त्या घराचे आपण वारस आहोत. आपल्या वस्तीतले एक मूल वाचवणे हेही अभिवादनच आहे.

आणि धम्माचे म्हणाल, तर विनयपिटकातल्या महावग्गात एक प्रसंग आहे. वैशालीला, बर्फ पडण्याच्या दिवसांतल्या एका रात्री भगवान बुद्ध स्वतः उघड्यावर बसले. आधी अंगावर एकच चीवर होते. पहिला प्रहर सरताना थंडी वाजली, तेव्हा दुसरे घेतले. मधला सरताना तिसरे, आणि पहाटे चौथे. चांगल्या घरातून आलेल्या, थंडीला भिणाऱ्या भिक्खूचाही तीन चीवरांत निभाव लागेल असे त्यांनी ठरवले, आणि वरची संघाटी दुहेरी करायला सांगितली. बघा, त्यांनी थंडी सोसण्याचा उपदेश केला नाही. स्वतः बसून थंडी मोजली आणि मग माणसाला किती कपडा लागतो याचा नियम केला. आम्हाला त्यातून एवढेच घ्यावेसे वाटते की थंडी मोजायची तर जिथे माणूस झोपतो तिथे बसून मोजावी.

म्हणून आमच्या दोन मागण्या आहेत, एक सरकारकडे आणि एक आपल्याकडे. केंद्र सरकारच्या आपत्तींच्या यादीत थंडीची लाट आहे. मग पेण आणि रोहा तालुक्यांच्या आपत्ती आराखड्यात पुराच्या शेजारी थंडीलाही जागा मिळावी. लाटेचा इशारा आला की वीटभट्ट्यांवर आणि पत्र्याच्या वस्त्यांत आरोग्य पथक जावे. घरकुलाचे अडलेले अर्ज हा आरोग्याचा प्रश्न मानावा. सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे कर्तव्य आहे, असे संविधानाचे कलम 47 सांगते. आपण भीक मागत नाही.

दुसरी मागणी आपल्या मंडळांकडे. जयंतीच्या बॅनरवर आणि डीजेवर किती खर्च होतो हे सगळ्यांना माहीत आहे. त्यातला थोडा वाटा बाजूला काढून प्रत्येक विहारात पांघरुणांची पेटी ठेवा. वाटप नको, फोटो नको. ज्या घरी बाळंतीण किंवा आजारी म्हातारे आहे त्यांनी न्यावे, थंडी सरली की धुऊन परत ठेवावे. महिला मंडळाने एक वही ठेवावी आणि वस्तीत कुणाकडे तान्हे बाळ आहे, कुणाचे छप्पर गळते, कोण एकटे राहते, हे त्यात लिहावे. पत्र्याखाली जुने फ्लेक्स किंवा गोणपाट ताणून बांधले तरी टपकणारे पाणी अंथरुणावर येत नाही. आपल्याच नेत्यांचे फोटो त्यावर आहेत म्हणून संकोच वाटत असेल, तर उलट्या बाजूने बांधा.

रात्री झोपण्याआधी शेजारच्या घरात एकदा डोकावा. गोधडीला हात लावा. ओली लागली तर आपली एक द्या.

जय भीम! नमो बुद्धाय!