जुना संच टाकाऊ कोणी ठरवायचा?

२०२४ च्या दिवाळीत मी नवा भ्रमणध्वनी संच घेतला. हौस म्हणून नव्हे, नाइलाज म्हणून. आधीचा संच सहा वर्षांचा होता. त्याच्या काचेला कोपऱ्यात एक तडा होता आणि दुपार उलटली की त्याची बॅटरी मान टाकीत असे. एवढे सोडले तर त्याच्याविषयी माझी तक्रार नव्हती. बोलणे, संदेश पाठविणे, प्रवासात बातमी टिपणे, क्वचित एखादे छायाचित्र काढणे, एवढाच माझा त्याच्याशी व्यवहार. एके सकाळी मात्र एका बँकेच्या अॅपने मला दारातच अडविले. ‘आपल्या संचाची प्रणाली जुनी आहे, ती अद्ययावत करा’ अशी सूचना पडद्यावर आली. आज्ञाधारकपणे मी प्रणाली अद्ययावत करावयास गेलो, तर संच सांगू लागला, ‘आपली प्रणाली अद्ययावत आहे.’ बँक म्हणते जुनी, संच म्हणतो नवी. आणि गंमत अशी की दोघेही आपापल्या परीने खरेच बोलत होते. त्या संचासाठी जी शेवटची आवृत्ती निघाली होती, ती माझ्याकडे होती. निर्मात्याने पुढची आवृत्ती काढणेच थांबविले होते, आणि बँक पुढे निघून गेली होती.

पुण्यातील चिरंजीवांनी दूरध्वनीवरून निकाल दिला, ‘बाबा, आता तो बदलाच.’ भंडाऱ्याच्या बाजारपेठेत गेलो. नव्या संचाची किंमत ऐकून झाल्यावर जुन्याचे काय मिळेल, असे विचारले. दुकानदाराने तो उलटसुलट करून पाहिला आणि जो आकडा सांगितला, त्यात घरच्या चौघांचा एक वेळचा नाश्ताही जेमतेम झाला असता. भंडारा हे पितळी भांड्यांचे गाव. आमच्या लहानपणी फुटका हंडा, चेपलेली परात घेऊन आई दुकानात जात असे. तिथे मोड तागडीत पडे, त्याचे वजन होई आणि त्या हिशेबात नवे भांडे घरी येई. भांडे कितीही जुने झाले तरी धातूची किंमत कोणी नाकारीत नसे. मध्येच झिजले तर कल्हई होती, डाग देणारा कारागीर होता. सहा वर्षांपूर्वी दहा हजारांच्या घरात घेतलेली वस्तू, जिचा एकही भाग निकामी झालेला नाही, तिला मोडीचाही मान नाही हे पाहून मी तो संच दुकानात न देता खिशात घालून घरी परतलो.

नवे तंत्र वाईट आणि जुने तेवढे चांगले, असे रडगाणे गाण्याचा माझा विचार नाही. प्रणाली अद्ययावत का करावी लागते, हे समजून घेतले पाहिजे. संचाच्या मूळ प्रणालीत जी छिद्रे राहिलेली असतात, ती कालांतराने चोरांना सापडतात. ती बुजविण्यासाठी निर्माते वेळोवेळी सुरक्षेची ठिगळे पाठवितात. हा पुरवठा बंद झाला की संच वरून धडधाकट दिसला तरी त्याचे दार उघडे राहते. तेव्हा बँकेने जुन्या प्रणालीवर व्यवहार नाकारले, यात तिचा केवळ हट्ट नाही. ‘अद्ययावत करा’ ही सूचना आली की ती टाळीत राहण्याची आपल्या घरोघरी जी सवय आहे, ती मोडलीच पाहिजे.

परंतु याची दुसरी बाजू फारशी बोलली जात नाही. अधिकृत दालनातून हवे ते अॅप जुन्या संचावर उतरत नाही, असे दिसले की अडलेला माणूस आडवाट शोधतो. कोणीतरी व्हॉट्सअॅपवर ‘एपीके’ म्हणून एक फाइल पाठवितो आणि ‘याने होते’ असे सांगतो. वाहनाच्या दंडाची पावती, लग्नाची पत्रिका, बँकेची पडताळणी अशा नाना रूपांनी येणाऱ्या याच फायलींतून अलीकडे लोकांची खाती रिकामी झाली आहेत. (अशी वेळ कोणावर आलीच, तर लाजून घरात न बसता तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावे.) म्हणजे सुरक्षेसाठी लावलेली अट गरिबाच्या बाबतीत त्याला असुरक्षिततेकडेच ढकलू शकते.

माझे निभावले. दोन महिने इकडचा तिकडचा खर्च आवरला आणि नवा संच आला. पण ज्याच्यावर संच बाळगण्याची सक्ती आहे आणि तो बदलण्याची ऐपत अथवा अधिकार नाही, त्याचे काय?

आपल्या महाराष्ट्रात याचे मोठे उदाहरण घडून गेले आहे. एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात सुरू झाली. राज्यात आज लाखाहून अधिक अंगणवाड्या आहेत. पोषण अभियान आल्यानंतर रजिस्टरांचे ढीग हटावेत, बालकांच्या वजन-उंचीची नोंद थेट वर पोहोचावी, या उत्तम हेतूने २०१९ च्या सुमारास सेविकांना शासनाने भ्रमणध्वनी संच दिले. त्या संचांची स्मरणक्षमता, म्हणजे रॅम, दोन जीबी. त्या काळी एका विशिष्ट अॅपसाठी ती पुरत होती. पुढे ते अॅप गेले आणि मार्च २०२१ पासून ‘पोषण ट्रॅकर’ हे नवे अॅप आले. प्रणाली वाढली, संच तोच राहिला. संच तापू लागले, अडकू लागले, बंद पडू लागले. त्यांची हमीची मुदतही संपली. त्यातून नवे अॅप इंग्रजीत. दुरुस्तीचा खर्च सेविकांच्याच माथी मारला जातो, अशी तक्रार होऊ लागली. अखेर ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरच्या हजारो सेविकांनी प्रकल्प कार्यालयांत जाऊन ते संच शासनाच्या टेबलावर परत ठेवले.

या आंदोलनाचे नेतृत्व ज्यांच्याकडे होते, त्यांपैकी अनेकांच्या अन्य भूमिकांशी आपले तीव्र मतभेद असतील. असोत. पण मानधन ८,३२५ रुपये असलेल्या सेविकेने (ते १०,००० करण्याची घोषणा २०२३ च्या अर्थसंकल्पात झाली) शासकीय संचाचा पडदा आपल्या पैशांनी का बदलावा, या प्रश्नाला डावे-उजवे काही नसते. त्या दिवसांत साकोलीकडील एका गावात गेलो असताना अंगणवाडीच्या ओट्यावर बसलेल्या सेविकेने मला आपला संच दाखविला. पडद्यावर एक वर्तुळ गरगरत होते. ‘सकाळपासून फिरूनच राहिला जी भाऊ,’ ती म्हणाली, ‘पोरं जेवून घरी गेली, पण याच्यात अजून हजेरी नाही लागली.’ मग तिने पिशवीतून कागदी रजिस्टर काढले. संच आला म्हणून रजिस्टर सुटले नव्हते. संच चालत नाही म्हणून ते सोडता येत नव्हते. एका कामाची दोन कामे झाली होती. आणि खिशात असलेला स्वतःचा, मुलाने दिलेला संच ती तिसऱ्या उपायासाठी राखून होती.

या इतिहासातून आपण काही शिकलो का? अंशतः शिकलो. पोषण ट्रॅकरमध्ये पुढे भारतीय भाषा आल्या. नव्या संचांची मागणी २०२३ च्या संपातही अग्रभागी होती आणि शासनाला ती मानावी लागली. पण मागणी मान्य होईपर्यंत प्रणाली थांबलेली नव्हती. १ जुलै २०२५ पासून घरी न्यावयाचा शिधा घेणाऱ्या लाभार्थ्यांची चेहऱ्यावरून ओळख पटविणे अनिवार्य झाले. मातेच्या नावाचा शिधा मातेलाच मिळावा, हा त्यामागचा हेतू निर्विवाद योग्य आहे. परंतु चेहरा टिपायचा तर कॅमेरा बरा हवा, प्रक्रियेला बळ हवे आणि गावात संपर्कजाळे हवे. कोका अभयारण्याच्या कडेच्या एखाद्या वस्तीत या तिन्ही गोष्टी एकाच वेळी हजर असतील, असे गृहीत धरणारा अधिकारी तिथे कधी पावसाळ्यात गेला आहे काय?

दुसरे उदाहरण तर आपल्या जिल्ह्याच्या पोटाशीच संबंधित आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकऱ्याने स्वतः बांधावर जाऊन पिकाचे छायाचित्र घ्यावे, त्याला अक्षांश-रेखांश जोडले जावेत आणि सात-बारावर पेरा नोंदला जावा. तलाठ्याच्या सोयीने होणाऱ्या नोंदीपेक्षा हे कितीतरी प्रामाणिक आहे. मी या योजनेचा पहिल्यापासून समर्थक आहे. पण दर एक-दोन हंगामांनी तिची आवृत्ती बदलते आणि ‘जुने अॅप काढून टाका, नवे उतरवून घ्या’ असे सांगितले जाते. आमच्याकडे हे नेमके रोवणीच्या धामधुमीत येते. धानाच्या बांधीत पाय गुडघाभर चिखलात, वर पाऊस, आणि हातात असा संच की ज्यात नातवंडांच्या चित्रफितींनी जागाच उरलेली नाही.

आणि नोंद हुकली तर? आधारभूत किमतीच्या खरेदी केंद्रावर नोंदणी करताना सात-बारावर धानाचा पेरा दिसावा लागतो. २०२३-२४ च्या हंगामासाठी शासनाने नोंदणीकृत धान उत्पादकांना हेक्टरी २०,००० रुपये प्रोत्साहन दोन हेक्टरच्या मर्यादेत जाहीर केले होते. म्हणजे दोन हेक्टरवाल्याचे चाळीस हजार. अशा रकमेचा पहिला धागा त्या एका छायाचित्राशी बांधलेला असतो. ज्यांना स्वतः जमत नाही त्यांच्यासाठी गावोगावी सहायक नेमण्याचा मार्ग शासनाने नंतर काढला, त्याबद्दल शासनाचे अभिनंदनच केले पाहिजे. यंत्राने निर्माण केलेली अडचण शेवटी माणूस नेमूनच सुटते, हे मान्य करण्यास मोठेपणा लागतो.

संच किती वर्षे चालावा हे कोणी ठरवावयाचे, हा प्रश्न जगाने विचारलाच नाही असे नाही. जुन्या आयफोनचा वेग प्रणालीच्या नव्या आवृत्तीद्वारे मुद्दाम कमी केला जातो, याची कबुली अॅपल कंपनीला डिसेंबर २०१७ मध्ये द्यावी लागली. झिजलेल्या बॅटरीमुळे संच अचानक बंद पडू नये म्हणून तसे केले, असा तिचा खुलासा होता. पण ग्राहकाला सांगितले का नाही, याचे उत्तर नव्हते. इटलीने २०१८ मध्ये तिला एक कोटी युरो दंड केला, सॅमसंगलाही पन्नास लाखांचा. फ्रान्सने २०२० मध्ये अॅपलकडून अडीच कोटी युरो वसूल केले. युरोपीय संघाने तर २० जून २०२५ पासून नियमच लागू केला : एखाद्या नमुन्याची विक्री थांबल्यानंतरही किमान पाच वर्षे प्रणालीची अद्ययावत आवृत्ती द्यावी लागेल, सुटे भाग सात वर्षे मिळाले पाहिजेत, आणि बॅटरी आठशे वेळा भरून-रिती झाल्यावरही तिची ऐंशी टक्के क्षमता शिल्लक असली पाहिजे. कायद्याचा धाक आणि बाजारातील स्पर्धा यांमुळे गूगल व सॅमसंग आता आपल्या महागड्या संचांना सात वर्षे आवृत्ती देण्याचे आश्वासन देतात. महागड्या! आठ-दहा हजारांच्या संचाला ते आश्वासन नाही, आणि खेड्यात जातो तो हाच संच.

आपल्याकडे केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी डिसेंबर २०२२ मध्ये संकेतस्थळ सुरू केले. दुरुस्तीयोग्यतेचा निर्देशांक ठरविण्यासाठी नेमलेल्या समितीने मे २०२५ मध्ये अहवाल दिला असून, त्यात प्रणाली किती काळ अद्ययावत मिळेल याचाही विचार आहे. तो निर्देशांक संचाच्या खोक्यावर, मराठीत, ठळक अक्षरांत छापला गेला पाहिजे. विजेच्या उपकरणांवरील तारे पाहून फ्रीज घेण्यास आपल्या गृहिणी शिकल्याच ना? आज संच नोएडात आणि श्रीपेरुंबुदूरमध्ये जोडले जातात, याचा आपल्याला रास्त अभिमान आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये भारत संचार निगमचे देशी बनावटीचे ४-जी जाळेही राष्ट्राला अर्पण झाले. मात्र संचाच्या आत जी प्रणाली आहे, तिचे आयुष्य ठरते ते आपल्या हद्दीबाहेर. आयआयटी मद्रासच्या परिसरात घडलेल्या ‘भारओएस’ची घोषणा जानेवारी २०२३ मध्ये झाली, तेव्हा आपण टाळ्या वाजविल्या; त्या कामाला सरकारी संचांच्या मोठ्या खरेदीचे बळ का मिळू नये?

निदान जी खरेदी शासन स्वतः करते, तिच्या निविदेत तरी एक ओळ असावी : हा संच किती वर्षे अद्ययावत राहील, आणि न राहिल्यास भुर्दंड कोणाला. नवी आवृत्ती जाहीर करण्यापूर्वी ती मंत्रालयातल्या नव्या संचावर नव्हे, तर लाखांदूरच्या एखाद्या सेविकेच्या हातातील जुन्या संचावर चालवून पाहावी. आपल्या कार्यकर्त्यांनाही सांगणे आहे. खरीप पाहणीच्या आठवड्यात शाखेनंतरचा एक तास पाच घरांत घालविला, कोणाच्या संचातील जागा मोकळी करून दिली, तर ते काम कोणत्याही भाषणापेक्षा कमी नाही.

माझ्या जुन्या संचाचे पुढे काय झाले, ते सांगायचे राहिले. काही शे रुपयांत त्याची बॅटरी बदलून घेतली, त्यातील खाती, छायाचित्रे सारे पुसले आणि लाखांदूर तालुक्यातील माझ्या मामेभावाला तो देऊन टाकला. बँक त्याला नाकारीत होती, पण इतर कामांना तो खंबीर होता. २०२५ च्या खरिपात त्याने स्वतःच्या बांधीची नोंद त्यावर केली, शेजारच्या तिघांचीही करून दिली. संध्याकाळी त्याचा दूरध्वनी आला. आवाजात रोवणी आटोपल्याचा थकवा होता आणि थोडी फुशारकीही.

‘झालं जी दादा, चौघांचंबी झालं,’ तो म्हणाला. मग क्षणभर थांबून त्याने विचारले, ‘पण पुढच्या साली हाच चालंल ना?’

मला उत्तर देता आले नाही. ‘पाहू,’ म्हणालो, आणि पाऊसपाण्याची चौकशी केली.