चार काड्या कलतात, तीन का कलत नाहीत?

आठवीच्या वर्गात आम्ही त्रिकोणांची एकरूपता शिकवत होतो. 'बाबाबा' कसोटी मुलांनी घडाघडा म्हणून दाखवली: एका त्रिकोणाच्या तीन बाजू दुसऱ्याच्या तीन बाजूंएवढ्या असतील, तर ते त्रिकोण एकरूप. मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. "सर, मोजल्या फक्त बाजू. मग कोनही तेवढेच असतील कशावरून?" तास संपत आला होता. "परीक्षेत एवढं विचारत नाहीत," म्हणून आम्ही तिला खाली बसवले.

संध्याकाळी करी रोड स्टेशनच्या पुलावर तोच प्रश्न पुन्हा भेटला. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्टेशनवरच्या चेंगराचेंगरीत २३ जणांचे प्राण गेले. त्यानंतर लष्कराने तिथे, करी रोडला आणि आंबिवलीला पादचारी पूल उभारले. फेब्रुवारी २०१८ मध्ये ते खुले झाले. बेली पद्धतीच्या अशा पुलाच्या दोन्ही अंगांना लोखंडी चौकटी असतात, आणि चौकटींत तिरप्या पट्ट्या. त्या पट्ट्यांनी त्रिकोण तयार होतात. एवढ्या माणसांचा भार त्या त्रिकोणांच्या भरवशावर!

दुसऱ्या दिवशी खराट्याच्या काड्या आणि दोरा नेला आणि त्याच मुलीच्या हाती दिला. तिने चार काड्यांचा चौकोन बांधला. जरा दाबताच तो कलला. बाजू त्याच, कोन मात्र बदलले. चौघांची बेरीज तेवढी ३६० अंशच राहिली. मग तीन काड्या बांधल्या. त्या कलेनात. त्रिकोणाचा एक कोन उघडायचा, तर त्याच्यासमोरची बाजू लांबायला हवी, आणि काडी काही लांबत नाही. शेवटी तिने चौकोनाला एक कर्ण बांधला; तोही ताठ उभा राहिला. "म्हणजे कोनांना बाजूंनीच धरून ठेवलंय," ती म्हणाली. आमच्या फळ्यावरच्या सिद्धतेपेक्षा हे वाक्य सरस होते.

अम्मी-अब्बांनो, हा प्रयोग घरीही होतो. दादी किंवा नाना उर्दू माध्यमात शिकले असतील, तर त्यांनाही बोलवा. त्यांचा मुसल्लस म्हणजे आपला त्रिकोण, जाविया म्हणजे कोन. बाजूला ते 'जिला' म्हणतील. आपला 'जिल्हा' त्याच शब्दातून आला आहे.

आणि मुलाने "कशावरून?" विचारले, तर आम्ही दिले तसे उत्तर देऊ नका. उत्तर येत नसेल, तर काड्या आणा.