व्याख्या पाठ, पारख उधार

२०२० सालच्या पावसाळ्यात नांदेड आणि लातूरच्या चाचणी केंद्रांपुढे माणसे मुकाट्याने रांगेत उभी होती. नाकातील स्राव द्रवात मिसळायचा, त्याचे थेंब प्लास्टिकच्या पट्टीवर सोडायचे आणि एक रेष उमटते की दोन, हे पाहायचे. अर्ध्या तासाच्या आत निकाल! त्या रेषेवर म्हाताऱ्या आईने घरी थांबायचे की नाही, दुकान उघडायचे की नाही, हे ठरत होते. ती रेष उमटवणारा घटक कोणता, हा प्रश्न त्या धावपळीत कोणाला पडला नाही. आता सवड आहे. आता तो पडायला हवा.

तो घटक म्हणजे प्रतिपिंड. कोरोना विषाणूची सारी कुळकथा आरएनएच्या धाग्यात लिहिलेली असते. हा धागा धरून, गुंडाळून ठेवणाऱ्या प्रथिनाला न्यूक्लिओकॅप्सिड म्हणतात. पट्टीवरील प्रतिपिंड नेमके हेच प्रथिन हेरते. आरएनएला धरून ठेवणारी प्रथिने केवळ विषाणूत नसतात. मानवी पेशींत ती दीड हजारांच्या आसपास आहेत. कोणता संदेश केव्हा वाचला जावा आणि केव्हा मोडीत निघावा, यावर त्यांची देखरेख असते. ही देखरेख बिघडली की मज्जातंतूंचे दुर्धर विकार उद्भवू शकतात. ‘टीडीपी-४३’ नावाच्या अशाच प्रथिनाचे साठे स्नायू निकामी करणाऱ्या एएलएस विकाराच्या रुग्णांत सापडल्याचे २००६ मध्ये उघड झाले. अशा प्रथिनांचा अभ्यास करणाऱ्या संशोधकाचे मुख्य हत्यार पुन्हा प्रतिपिंडच. पेशीच्या काल्यातून ते हवे ते प्रथिन, त्याला चिकटलेल्या आरएनएसह, वेगळे ओढून काढते.

परंतु प्रतिपिंड नेमके त्याच प्रथिनाला धरते, हे ठरवायचे कोणी? बाटलीवरील चिठ्ठीने?

चिठ्ठीवर विसंबण्याची किंमत जगाने मोजली आहे. २०१५ मध्ये शंभराहून अधिक शास्त्रज्ञांनी ‘नेचर’ या नियतकालिकातून प्रतिपिंडांच्या प्रमाणीकरणाची जाहीर मागणी केली. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत ६५ प्रथिनांसाठी विकली जाणारी ६१४ प्रतिपिंडे पारखण्यात आली. त्यांतील निम्म्याहून अधिक एका वा अनेक उपयोगांत अपयशी ठरली. तपासणीची रीत साधी होती. ज्या पेशींतून त्या प्रथिनाचे जनुकच काढून टाकले आहे, त्या पेशींवर प्रतिपिंड लावायचे. तरीही खूण उमटली, तर प्रतिपिंड भलत्यालाच धरते आहे! अशा सदोष प्रतिपिंडांवर आधारलेले शोधनिबंध जगभर छापले गेले होते. त्यामागे किती अनुदान आणि किती तरुणांची उमेदीची वर्षे खर्ची पडली असतील?

ही सावधगिरी अनाठायी नाही, याचा पुरावा कोरोनाकाळातच आहे. एप्रिल २०२० मध्ये चीनहून आणलेल्या, रक्तातील प्रतिपिंडे शोधणाऱ्या किटांच्या निकालांत राज्याराज्यांत मोठी तफावत आढळली. अखेर २७ एप्रिलला भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने त्यांचा वापर थांबवून ती परत करण्यास सांगितले. पुढच्याच महिन्यात पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने त्याच कामासाठी स्वदेशी ‘कोविड कवच’ चाचणी सिद्ध केली. जूनमध्ये नाकातील स्रावाच्या पट्टीला मान्यता मिळाली, तीही पारखूनच. रोगी हुडकण्याची तिची क्षमता ५०.६ ते ८४ टक्के भरली. म्हणजे शंभर बाधितांपैकी सोळा ते एकोणपन्नास जण तिच्या नजरेतून सुटू शकत होते. म्हणूनच लक्षणे असूनही पट्टीवर दुसरी रेष न उमटलेल्यांची आरटी-पीसीआर चाचणी करण्याचा नियम झाला. पट्टीचे उणे मोजलेले होते, म्हणून तो नियम करता आला.

या पार्श्वभूमीवर नांदेड-लातूरकडे पाहिले की विसंगती जाणवते. ‘लातूर पॅटर्न’ने महाराष्ट्राला गुणवत्तेची शिस्त शिकवली. प्रतिपिंडाची व्याख्या, त्याचे प्रकार, त्याची आकृती हे सारे येथील विद्यार्थ्याला मुखोद्गत असते. प्रवेश परीक्षेत तो गुण मिळवतो, डॉक्टर होतो, आणि ही गोष्ट अभिमानाचीच आहे. परंतु प्रतिपिंड हातात घेऊन त्याची सत्यता तपासण्याचा प्रसंग त्याच्यावर येतो का? व्याख्या पाठ आणि पारख उधार, अशी ही अवस्था आहे.

साधनांची वानवा आहे, असे म्हणून हा प्रश्न टाळता येणार नाही. १९९४ मध्ये स्थापन झालेले स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ विष्णुपुरीत आहे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही तेथेच आहे. विद्यापीठाच्या जैवशास्त्र संकुलाने कोरोनाकाळात चाचणी प्रयोगशाळेची जबाबदारी पेलली. लातुरात वैद्यकीय महाविद्यालय आणि विद्यापीठाचे उपकेंद्र, उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तंत्रही गुपित राहिलेले नाही. एकाच जातीचे प्रतिपिंड अखंड देणाऱ्या पेशी घडवण्याची रीत कोलर आणि मिलस्टाइन यांनी १९७५ मध्येच जगापुढे मांडली. १९८४ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. आता तर प्रतिपिंडाचा जनुकीय आराखडा हाती असला की प्रत्येक वेळी तेच प्रतिपिंड पुन्हा तयार करता येते. २०२३ च्या तपासणीत अशीच प्रतिपिंडे सरस ठरली.

‘एवढ्याशा गावात हे कशाला? विकत घेता येतेच की!’ असा आक्षेप येईल. विकत अवश्य घ्यावे. पण पारखून घ्यावे. प्रारंभी या संस्थांनी मिळून एक सामायिक परीक्षण केंद्र उभारले, तरी पुरे. विकत घेतलेले प्रत्येक प्रतिपिंड तेथे तपासले जावे आणि निकाल, मग तो प्रतिकूल का असेना, सर्वांसाठी खुला असावा. पदव्युत्तर विद्यार्थ्याचा पहिला प्रकल्प हाच असावा. निर्मिती ही त्यापुढची पायरी.

स्वदेशी म्हणजे केवळ वस्तूवर देशाचे नाव असणे नव्हे. देशी चिठ्ठीवरचा आंधळा विश्वास हा परदेशी चिठ्ठीवरच्या विश्वासाइतकाच घातक. खरे स्वावलंबन पारख करण्याच्या सामर्थ्यात आहे. सोनार सोने कसोटीवर घासल्यावाचून घेत नाही. ज्या पट्टीवर आईच्या जिवाचा निर्णय अवलंबून असतो, तिच्यासाठी कसोटी नको काय? उत्तरपत्रिकेत अव्वल ठरलेल्या मराठवाड्याने ही कसोटी आपल्या हाती घ्यावी. पुढची साथ तयारीला वेळ देईलच, असे नाही.